न दिसणे आणि नसणे : खानदेशातील पक्षिनोंदींचा इतिहास



पारोळ्यात इतिहासावर बोलायचे म्हटले की श्रोत्यांना किल्ला अपेक्षित असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. १७२७ सालचा किल्ला, हरी सदाशिव दामोदर, नेवाळकर घराणे, झाशीशी असलेले नाते. त्यावर बोलणारे अधिकारी लोक पुष्कळ आहेत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. आमच्या शास्त्राचा मुख्य धंदा एकच : "तुला हे कळले कशावरून?" असे विचारत बसणे. हाच प्रश्न आज आम्ही पाखरांच्या बाबतीत विचारणार आहोत. खानदेशात कोणता पक्षी कधी येतो, कधी जातो, कोणता होता आणि कोणता उरला नाही, हे आपल्याला कशावरून कळते? ते कोणी लिहून ठेवले, आणि कोणी ठेवले नाही? पाखरांचाही इतिहास असतो, आणि त्यालाही कागदपत्र लागतात.

सुरुवात घरच्या पंचांगापासून करू. आपल्याकडे पक्षिनिरीक्षण हा शब्द नवा, पण काम जुने आहे. आखाजीचे झोके उतरले, पंचेचाळीस अंशांचे ऊन अंगावर घेऊन नांगरटी पडल्या, की शेतकऱ्याचे कान आपोआप पावशाकडे लागतात. "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" असे तो सांगतो अशी आपली समजूत. मे संपता संपता चातक येतो. डोक्यावर शेंडी, अंग काळे-पांढरे. तो खरोखरच समुद्रापलीकडून, आफ्रिकेतून, पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो, हे आता पक्के झालेले आहे. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, हा होरा तुमच्या आजोबांनी नक्की सांगितला असेल. मृग लागला की विहिरीवर लोंबणाऱ्या बाभळीच्या फांदीला सुगरण पक्षी खोपे विणू लागतात. आसोद्याच्या बहिणाबाईंनी त्या खोप्यावर कविता केली ती कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे, शेतात पाहून केली. आणि एक गंमत लक्षात ठेवा : खोपा विणतो तो नर. मादी येऊन तो पसंत करते किंवा नापसंत करते, नापसंत झाला तर बिचारा दुसरा विणायला घेतो.

पुढे पितृपक्षात कावळा. नवरात्राच्या सुमारास नदीकाठी, गोठ्यासमोर शेपटी वरखाली करत फिरणारा परीट, म्हणजे धोबी पक्षी, उत्तरेकडून येतो. दसऱ्याला चासाचे, म्हणजे नीलपंखाचे दर्शन शुभ. मग दादर पेरली जाते. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, दादर म्हणजे तापीखोऱ्याच्या काळ्या जमिनीत रब्बीत होणारी आमची ज्वारी. दादर हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियातून येतात. आमच्या लहानपणी पोरासोरांना शाळा बुडवून माळ्यावर बसवत, हातात गोफण देत, आणि दिवसभर "हो, हो" करून घसा बसवून घेत. फाल्गुनात पळस फुलला की त्याच भोरड्या पळसावर. उन्हाळ्यात तांबटाची टुकटुक, हळद्याची शीळ, आणि पुन्हा आखाजी.

असे हे वर्षाचे चक्र. हे ज्ञान खरे आहे का? पुष्कळसे खरे आहे. पण यात दोन उणिवा आहेत, आणि त्या नीट पाहिल्या पाहिजेत.

पहिली अशी की हे पंचांग ऐकू येणे आणि येणे यांत फरक करत नाही. चातक येतो हे बरोबर. पण पावशा कुठूनही येत नाही, बरं का. तो बाराही महिने इथेच असतो. हिवाळ्यात गप्प बसतो आणि उन्हाळा चढला की ओरडू लागतो. आपण म्हणतो, "पावशा आला." तो आलेला नसतो, तो बोललेला असतो.

दुसरी उणीव जास्त मोठी. हे पंचांग फक्त जे घडते त्याचे आहे. जे घडायचे थांबले, त्याची नोंद त्यात होत नाही. दसऱ्याला चास दिसला की शुभ. दिसला नाही तर "यंदा दिसला नाही" म्हणून आपण सोने वाटायला निघतो. किती वर्षे दिसला नाही, हे कोणी मोजत नाही. तोंडी ज्ञानाला साल नसते.

आता जरा दूर जाऊ. इंग्लंडात हॅम्पशायर परगण्यात सेलबोर्न नावाचे एक खेडे आहे. पारोळ्यापेक्षाही लहान. तिथे अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक धर्मोपदेशक होऊन गेला. जन्म १७२०, मृत्यू १७९३. प्रवास फारसा नाही, अधिकाराचे पद नाही. वर्षानुवर्षे एकच काम : आज काय पाहिले, कुठे, कोणत्या तारखेला, ते लिहायचे. आणि ते दोन जाणकार मित्रांना पत्राने कळवायचे. त्या पत्रांचे पुस्तक १७८९ साली निघाले. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली तेच साल. तिकडे राजवाडे हलत होते आणि हा माणूस दिसायला जवळजवळ सारख्या असलेल्या तीन छोट्या वटवट्यांना त्यांच्या आवाजावरून वेगळे करत होता.

व्हाइटलाही आपल्या पावशासारखाच एक प्रश्न छळत होता. हिवाळ्यात पाकोळ्या जातात कुठे? त्या काळी विद्वानांतही असा समज होता की त्या तळ्याच्या गाळात किंवा बिळात झोपून राहतात. व्हाइटचे उत्तर शेवटपर्यंत पुरते ठरले नाही. निदान काही पाकोळ्या इथेच लपून राहत असाव्यात, ही शंका त्याने सोडली नाही. पण त्याने तारखा लिहिल्या. उत्तर चुकीचे असू शकते, पण तारीख शिल्लक राहिली तर पुढचा माणूस तिच्यावरून बरोबर उत्तर काढू शकतो. म्हणून आमच्या मते नोंद ही मतापेक्षा मोठी आहे.

अशी तारखेची नोंद खानदेशात प्रथम व्यवस्थितपणे कोणी केली? इथे जेम्स डेव्हिडसन यांचे नाव घ्यावे लागते. हे ब्रिटिश सनदी अधिकारी. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठाणे धुळे. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी वाटणी १९०६ साली झाली, आणि नंदुरबार जिल्हा तर आत्ता आत्ता, १९९८ साली झाला. डेव्हिडसन यांची पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८८२च्या सुमारास छापून आली. सरकारी काम करता करता गोळा केलेली ही यादी आजही अभ्यासकांना उघडावी लागते.

हे 'स्ट्रे फेदर्स' चालवत होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तेच ह्यूम, ज्यांच्या पुढाकाराने १८८५ साली मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. राजकारणात पडण्यापूर्वी ते हिंदुस्थानातील पक्ष्यांचे सर्वांत मोठे संग्राहक होते. पण त्यांनी पंचवीस वर्षे खपून तयार केलेली हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून नोकराने रद्दीत विकली. त्या धक्क्याने त्यांनी हा नाद सोडला आणि कातडी-अंडी मिळून ऐंशी हजारांहून अधिक नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. बघा, ज्ञान किती सहज बाजारात जाऊन पुड्या बांधायला वापरले जाते!

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. १८७२ साली एफ. आर. ब्लिविट या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातील बसना भागात एक लहान घुबड मिळवले. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन छापले आणि ब्लिविटचे नाव त्याला दिले. हा आपला रानपिंगळा. ज्या कोणी वाटाड्याने ब्लिविटला ते झाड दाखवले असेल, त्याचे नाव अर्थातच कुठे नाही. पुढे डेव्हिडसन यांना तोच पक्षी आपल्या शहादे-तळोदे भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी मिळाला. १८८४ पर्यंत सगळे मिळून मोजून सात नमुने. त्यानंतर रानपिंगळा गप्प.

गप्प म्हणजे किती? ११३ वर्षे. या काळात दोन महायुद्धे झाली, देश स्वतंत्र झाला. १९३६ साली फैजपूरला, इथून जवळच, काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले, पंडित नेहरू अध्यक्ष. ह्यूमची काँग्रेस खानदेशात आली, पण ह्यूमने नाव दिलेला पक्षी कोणालाच आठवला नाही. आणि नवल असे की फैजपूरच्या उत्तरेला जो सातपुडा दिसतो, त्याच यावलच्या जंगलात पुढे हा पक्षी आढळला. म्हणजे अधिवेशन चालू असताना तोही तिथेच कुठेतरी सागाच्या वाळक्या फांदीवर बसलेला असेल, असे अनुमान करायला हरकत नाही.

मग तो कोणाला सापडला कसा नाही? शोध झाले. सालिम अलींसारख्या माणसालाही तो मिळाला नाही. याला एक कारण असे की एका खोट्या साक्षीने दिशाभूल केली होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे त्या काळातले मोठे नाव. सैनिक, हेर, पक्षितज्ज्ञ. त्यांच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्यावर चिठ्ठी होती : १९१४, मांडवी, गुजरात. झाले! शेवटची नोंद १८८४ची न राहता १९१४ची झाली, आणि शोधणारे मांडवीकडे पाहू लागले.

अमेरिकेतील पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनी तो नमुना नीट तपासला. क्ष-किरण लावले, टाके आणि आतला कापूस पाहिला. तेव्हा दिसले की तो एकदा तयार केलेला नमुना उसवून पुन्हा नव्याने भरलेला आहे. आणि मूळची धाटणी कोणाची? आपल्या डेव्हिडसन यांची. म्हणजे खानदेशातून गेलेला नमुना संग्रहालयातून उचलून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. हा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर उरल्या फक्त खऱ्या जुन्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या जागा पाहत पाहत शहाद्याला आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळच्या उजेडात त्यांना रानपिंगळा दिसला. दिवसा! कारण हे घुबड दिवसाही हिंडणारे आहे. पर्णहीन फांदीवर उघड बसते, शेपटी हलवते, सरडे-उंदीर टिपते. पुढे भारतीय अभ्यासकांना तो तळोदे, तोरणमाळ, यावल, मेळघाटात मिळाला. २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला.

आता आमचा धंदा. आपल्या दर्शनशास्त्रात ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, फार बारकाईने तपासलेली आहेत. त्यांतली तीन या गोष्टीला तंतोतंत लागू पडतात.

पहिले उपमान. नैयायिकांचे उदाहरण असे : गावच्या माणसाला कोणी सांगते, गवय हा गाईसारखा असतो. तो रानात जातो, गाईसारखे जनावर पाहतो, आणि ओळखतो की हाच गवय. पक्ष्यांचे सचित्र पुस्तक घेऊन आपण रानात जातो तेव्हा दुसरे काय करतो? नेहमीच्या पिंगळ्यासारखा, पण माथ्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, तो रानपिंगळा. मात्र यासाठी आधी गाय नीट माहीत असावी लागते. ज्याला अंगणातला पिंगळा माहीत नाही, त्याच्यासमोर रानपिंगळा येऊन बसला तरी तो म्हणणार, "घुबड आहे."

दुसरे शब्दप्रमाण. साक्ष कोणाची मानायची? आप्ताची. आणि आप्त कोण? वात्स्यायनांच्या म्हणण्याचा आशय असा की ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. यात हुद्दा नाही, जात नाही, देश नाही. आप्त ऋषी असू शकतो, परदेशीही असू शकतो. या कसोटीवर कर्नलसाहेब नापास होतात, आणि सातपुड्यातला गुरे राखणारा भिल्ल किंवा पावरा पोरगा पास होऊ शकतो. दुर्दैव हे की वर्षानुवर्षे कर्नलसाहेबांची चिठ्ठी प्रमाण धरली गेली, आणि त्या पोराला कोणी विचारले नाही.

तिसरे अनुपलब्धी, आणि ते आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती हे वेगळे प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळते. पण त्यांनी एक अट घातली : ती अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. म्हणजे वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसत नाही एवढ्यावरून तो तिथे नाही असे म्हणता येत नाही. रानपिंगळ्याबाबत जगाने ११३ वर्षे अंधाऱ्या खोलीत पाहिले. चुकीच्या ठिकाणी पाहिले. म्हणून न दिसण्यावरून नसणे सिद्ध झाले नाही.

हे ऐकून बरे वाटते, नाही का? हरवलेले सापडू शकते. पण याची दुसरी बाजू कडू आहे. ज्याप्रमाणे न पाहता "नाही" म्हणता येत नाही, त्याचप्रमाणे न लिहिता "गेला" हेही वेळेवर म्हणता येत नाही.

गिधाडांचे उदाहरण घ्या. आमच्या वयाच्या प्रत्येकाने गावाबाहेर, मेलेली ढोरे टाकत त्या जागी, गिधाडे बसलेली पाहिली आहेत. १९९०च्या दशकात ती देशभर कोसळली. कारण २००४ साली कळले : जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. ते मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आता आम्ही या सभागृहाला विचारतो : तुमच्या गावात शेवटचे गिधाड कोणत्या साली दिसले? सांगा. आम्ही हा प्रश्न ज्या ज्या गावात विचारला, तिथे उत्तर एकच आले : "पहिले लई होते, आता नाहीत." पहिले म्हणजे केव्हा? साल कोणाजवळ नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एवढा मोठा पक्षी गेला आणि एकाही वहीत तारीख नाही. दहा गावांत जरी वर्षवार आकडे लिहिलेले असते, तर घसरण आधी लक्षात आली असती आणि कारणाचा शोध लवकर सुरू झाला असता.

आज तसेच काय चालले आहे? दादरीच्या जागी कापूस आणि मका आला, तर भोरड्यांचे काय होते? विहिरीवरची बाभूळ तोडली, विहिरीच्या जागी बोअर आला, तर सुगरणीने खोपा कुठे बांधायचा? गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, असे आपण सरकारी कागदात लिहितो. त्या माळावर थंडीत भोवत्या रात्रीच्या मुक्कामाला जमिनीवर उतरतात, ते कोणत्या कागदात लिहितो? सोलापूर-नगर भागात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ संपला. उलट बाजूही आहे, ती सांगितली पाहिजे. तापीवर हतनूर धरण झाले आणि तिथे थंडीत चक्रवाक, तलवार बदक, थापट्या यांची जत्रा भरू लागली. धुळे तालुक्यात लामकानीच्या लोकांनी चराई आवरून माळावर गवत परत आणले. म्हणजे सगळे जातच आहे असेही नाही. पण काय जाते आणि काय येते, हे ठरवायला पुरावा हवा. "आमच्या वेळी असे होते" हा पुरावा नाही, तो आम्हा म्हाताऱ्यांचा स्वभाव आहे!

महाराष्ट्र शासन ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळते. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या. सप्ताहात भाषणे होतात, चित्रांची प्रदर्शने होतात, चांगली गोष्ट आहे. आमची सूचना त्याहून साधी आहे. तालुक्यातील प्रत्येक शाळेत एक जाड वही ठेवा. तिच्यात चार गोष्टी लिहा : तारीख, जागा, काय पाहिले, कोणी पाहिले. पाहणारा गुराखी असेल तर त्याचेच नाव लिहा, गुरुजींचे नको. आणि पाचवी गोष्ट, जी कोणी लिहीत नाही : काय शोधले आणि मिळाले नाही. बोरीच्या धरणावर तामसवाडीला गेलो, सकाळी दोन तास बसलो, चक्रवाक दिसले नाहीत, असे लिहा. ही योग्य अनुपलब्धी झाली. पन्नास वर्षांनी कोणाला तरी तिचा उपयोग होईल.

काम कठीण नाही. येत्या आखाजीनंतर कान उघडे ठेवा. पारोळ्यात पहिला चातक कोणत्या तारखेला दिसला, एवढी एकच नोंद पहिल्या वर्षी केली तरी चालेल. दुसऱ्या वर्षी तीच पुन्हा करा. दहा ओळी झाल्या की आम्हाला पाठवा. आम्ही असलो तर वाचू, नसलो तर या ग्रंथालयात किल्ल्याच्या पुस्तकांशेजारी त्या वहीला जागा द्या.

आता प्रश्न विचारा, आणि कोणाला गिधाडाचे साल आठवत असेल तर ते आधी सांगा.